जुनी साडी: कात्री लावण्याआधी आणि लावल्यावर

जुनी साडी हातात आली की नजर आधी काठावर जाते, मग पदरावर, आणि लगेच ठरतं, हिचा कुर्ता शिवायचा. गाडी इथेच चुकते. काय शिवायचं ते काठ-पदरावरून ठरवू नये, कापडात किती जीव उरलाय त्यावरून ठरवावं. झगझगीत रेशमी साडीची पिशवी बंदाच्या मुळाशी फाटते, आणि बोहारणीला देऊन चार वाट्या घ्यायच्या म्हणून बाजूला ठेवलेल्या विटक्या सुती लुगड्याची गोधडी वर्षानुवर्षं अंगावर राहते. म्हणून आधी तपासणी, मग धुणं, मग कात्री.

जीव किती उरलाय?

साडी खिडकीच्या उजेडासमोर धरून इंच-इंच सरकवत बघा. विरळ झालेली जागा पांढुरकी दिसते. रेशमी साडीत घडीच्या रेषेवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं ओळीने दिसली, तर ते रेशीम त्या रेषेवर तुटायला लागलंय. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या रेशमाचं हे ठरलेलं दुखणं.

मग ताण देऊन बघा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी दोन इंचांवर ठेवून कापड चिमटीत धरा आणि बेताने ओढा. एकदा उभ्या धाग्यावर, एकदा आडव्या धाग्यावर. दोन्ही दिशांना बघायचं, कारण बऱ्याच साड्यांत एका दिशेचा धागा शाबूत असतो आणि दुसऱ्या दिशेचा गेलेला असतो. ओढताना बारीक तडतड ऐकू आली, तर ते कापड स्वतःच्या बळावर काहीही पेलणार नाही. ते दुसऱ्या कापडावर बसवूनच वापरायचं.

झीज सगळीकडे सारखी नसते, आणि हे माहीत असलं तर अर्धं काम सोपं होतं. पाचवारी साडीत निऱ्यांचा खालचा काठ पायांनी झिजतो, खांद्यावरच्या पदराला पिनांची भोकं असतात, कमरेशी घामाने रंग आणि धागा दोन्ही गेलेले असतात. पण वरचा, कमरेत खोचला जाणारा काठ बहुतेक वेळा खालच्यापेक्षा चांगला असतो, आणि आतल्या टोकाचा पहिला सव्वा-दीड मीटर भाग उन्हाला लागलेलाच नसल्याने त्याचा रंग मूळचा असतो. नऊवारीत काष्ट्याचा भाग सर्वांत आधी विरतो. तो भाग खडूने खूण करून सुरुवातीलाच बाजूला काढा.

धागा कसला आहे याची खात्री नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि काळा मणी बोटांनी चुरला जातो. नायलॉन-पॉलिएस्टर वितळतं, कडक मणी उरतो. ही परीक्षा टाळू नका. जुन्या साड्यांच्या गठ्ठ्यात नायलॉन आणि जपानी जॉर्जेट हमखास निघतं. सुतीसोबत ते एकाच गोधडीत गेलं तर घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून सरकतात आणि इस्त्री लागताच डाग पडतो.

जरीचीही परीक्षा करा. टोकाची एक तार नखाने खरवडल्यावर आतून लालसर तांबं दिसलं, तर ती खरी नाही. ज्योतीजवळ नेताच आकसून वितळली तर प्लास्टिकची. तिच्यावर गरम इस्त्री थेट कधीही नको. चांदीची जर काळी पडते, पण चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पूड लावून उजळायला जाऊ नये. वरचा सोन्याचा मुलामा निघून जातो आणि रेशीमही खराब होतं.

धुणं

सुती कापड ओलं झालं की आणखी मजबूत होतं, रेशीम ओलं झालं की कमजोर. त्यामुळे दोघांना एकाच बादलीत टाकायचं नाही.

आधी रंग जातो का ते बघा. पांढरं सुती फडकं ओलं करून कापडाच्या उलट्या बाजूला प्रत्येक रंगावर ठेवा आणि वरून कोमट इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उतरला तर ते कापड घरी धुऊ नका, निदान दुसऱ्या रंगाच्या कापडाला जोडू तरी नका. गडद लाल, जांभळा आणि काळा हे नेहमीचे गुन्हेगार. इरकलीच्या लाल पदराचा तुकडा पांढऱ्या मांजरपाटावर शिवून पहिल्याच धुण्यात सगळं गुलाबी करून बसलेले पुष्कळ आहेत. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग कायमचा पक्का होतो, ही समजूत सोडून द्या.

सुती साडी आधी नुसत्या गार पाण्यात अर्धा तास भिजवा. जुनी खळ आणि धूळ सुटून पाणी तपकिरी होतं. ते बदलून पुन्हा भिजवा. पाणी स्वच्छ राहायला लागलं की मगच साबण. पांढऱ्या सुतीवरचा पिवळेपणा ऑक्सिजन ब्लीचने बराच जातो. क्लोरीनचं ब्लीच जुन्या कापडाला नकोच, आणि रेशमाला तर अजिबात नको, त्यात रेशमाचा धागाच खलास होतो. रेशीम धुण्याजोगं असेल तर रिठ्याच्या गाळलेल्या, गार केलेल्या पाण्यात पाच मिनिटं, न चोळता. जरीची साडी धुऊ नका, सावलीत वाऱ्यावर टाका.

ओली साडी एका टोकाला धरून उचलली की पाण्याच्या वजनानेच फाटते. बादलीत आधी मच्छरदाणीचा तुकडा अंथरावा आणि साडी त्यावर ठेवून धुवावी. उचलताना मच्छरदाणी उचलायची. पिळू नका. टॉवेलवर पसरून गुंडाळा, दाबा, सावलीत आडवी वाळवा.

फॉल लावलेला असेल तर धुण्याआधीच उसवा. फॉलखालचा रंग वेगळा निघतो आणि सुईची भोकं राहतात. रेशमात ती भोकं बुजत नाहीत, म्हणून तो पट्टा माया म्हणून, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या कडेत, आत दुमडला जाईल अशी आखणी करा.

कापताना आणि शिवताना

सगळ्यांत जास्त काम बिघडतं ते नव्या अस्तरामुळे. जुनी साडी जेवढी आटायची तेवढी कधीच आटलेली असते. तिला कोरं मांजरपाट किंवा कॅम्ब्रिक जोडलं की पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरची साडी चुण्या पडून फुगते. मांजरपाट गरम पाण्यात रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. कोऱ्या कापडाला पाणी दाखवणं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घाईत हेच राहतं.

कापण्याआधी शिवण मारा. जिथे कात्री जाणार आहे त्या रेषेच्या आत, तीन मिलिमीटरवर, मशीनची एक सरळ टीप घाला आणि मगच कापा. जरीचा काठ आणि पैठणीचा पदर यांना तर हे हवंच. पैठणीच्या पदरात नक्षीचे आडवे धागे रंगाप्रमाणे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, अख्ख्या पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, सलग जात नाहीत. टीप नसताना कापलं की कड बघता-बघता सुटत जाते.

नेहमी अर्धा इंच माया सोडत असाल तर इथे पाऊण इंच सोडा. पातळ सुती आणि रेशमाला ११ नंबरची सुई, सुतीच्या तीन-चार थरांना १४, जाड गोधडीला १६. सुई नवी हवी. टाका अडीच ते तीन मिलिमीटर. पक्कं व्हावं म्हणून बारीक टाका घातला तर जुन्या कापडावर भोकांची ओळ पडते आणि तिथूनच फाटतं. दोरा सुती. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा दणकट असल्याने ताण पडला की दोरा राहतो आणि कापड कापलं जातं.

विरलेल्या रेशमाला मागून आधार द्यायचे दोन मार्ग आहेत. पातळ फ्युजिंग (एका बाजूला गोंद असलेलं अस्तर) इस्त्रीने चिकटवायचं, किंवा धुतलेल्या मलमलीवर ठेवून हाताने कच्चे टाके घालून दोन्ही थर एकच समजून शिवायचं. फ्युजिंग पटकन होतं, पण एकदा चिकटलं की सुटत नाही, आणि फार पातळ रेशमातून गोंदाचे ठिपके दिसतात. टाकाऊ तुकड्यावर करून बघा. वर सुती फडकं ठेवून इस्त्री दहा-बारा सेकंद एका जागी दाबायची, घासत न्यायची नाही, आणि गार होईपर्यंत कापड हलवायचं नाही. घरातली जपण्याजोगी वस्तू असेल तर मलमलच बरी.

एका साडीचं दुपटं

सुरुवात करायला याहून चांगलं काम नाही. कापड कमजोर असलं तरी चार थर एकमेकांना सांभाळतात, आणि कापड जवळपास फुकट जात नाही.

पाचवारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. पन्हा ४५ इंच. दोन्ही काठ दीड-दीड इंचाचे असतील तर ते कापल्यावर ४२ इंच उरतात. पदर सोडून आतल्या टोकाकडून ४२ इंचांचे चार तुकडे कापा, १६८ इंच झाले. पदराकडचे उरलेले ४८ इंच ठिगळांना. तुकडे चौकोनी घेण्याचं कारण आहे. एकाआड एक थर वळवून ठेवता येतो, म्हणजे पहिल्याचा उभा धागा दुसऱ्याच्या आडव्यावर येतो आणि विरलेल्या रेषा एकाखाली एक येत नाहीत. सर्वांत विटके दोन तुकडे मधे, धडके दोन वर आणि खाली. आतल्या थरातल्या भोकांवर पदरातून ठिगळ ठेवून चार टाके घातले की पुरे, ते दिसणार नाही.

फरशीवर थर पसरा, तळहाताने मधून कडेकडे चुण्या काढा, आणि कच्च्या दोऱ्याने दर पाच इंचांवर उभे-आडवे लांब टाके घाला. यात कंटाळा केला की पुढे थर सरकतात, मग उसवण्यावाचून इलाज नसतो.

आता धावदोरा. ४० नंबरच्या सुती दोऱ्याचे दोन पदर, मेणावरून ओढलेले, लांबी दोन हातांहून जास्त नाही. सुई लांब, पण दाभण नको, त्याने भोकं पडतात. कडेपासून एक इंच आत एका कोपऱ्यात सुरुवात करा. गाठ थरांच्या आत लपवा. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग ओढा, टाका पाव इंचाचा. चारी बाजूंनी फिरून परत आलात की पाऊण इंच आत सरकून दुसरा फेरा. असं करत मध्यापर्यंत यायचं.

आपल्याकडची गोधडी अशी काठाकडून आत शिवली जाते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांची गोधडी, कवंदी, हीही तशीच, तिच्या कोपऱ्यांना फुला, म्हणजे कापडाचे दुमडलेले त्रिकोण, असतात. या पद्धतीत कडा आधी बांधल्या जातात आणि सगळा सैलपणा मधे ढकलला जातो, म्हणून मध्यात फुगा येण्याचा धोका राहतो. दोरा ताणून ओढू नका. दर चार-पाच फेऱ्यांनी फरशीवर पसरून बघा. फुगा दिसायला लागला तर पुढच्या फेऱ्यांचं अंतर अर्धा इंच करा, तो विरून जातो. सगळं अंग बारीक सुरकुतलेलं दिसणं मात्र बरोबरच आहे, त्याला दोष समजून इस्त्री करत बसू नका.

गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला कापून ठेवलेल्या दोन काठांपैकी वरचा घ्या, तो कमी झिजलेला असतो. चारी बाजू मिळून १६८ इंच लागतात, काठ २१६ इंच आहे, एकच पुरतो. एक कड आत पाव इंच दुमडून, थरांच्या कडेवर मधोमध घडी घालून हातशिलाई करायची. काठात जर किंवा खरखरीत रेयॉन असेल तर तो बाळाच्या गालाला लागतो. तेव्हा साडीच्या अंगातूनच अडीच इंचांच्या पट्ट्या काढा.

काठ दुसऱ्या कापडाला लावायचा असेल तर

साडीचं अंग गेलं तरी काठ धडका असणं हे नेहमीचंच. इरकली, नारायणपेठी किंवा जुन्या पैठणीचा काठ नव्या सुती टेबलक्लॉथला शोभतो, फक्त कोपरा जमायला हवा.

३६ इंचांचा चौकोन हवा असेल तर पाणी दाखवलेलं कापड ३७ इंच कापा. चारी कडा अर्धा इंच सुलट बाजूला दुमडून इस्त्री करा. कच्ची कड काठाखाली झाकली जाईल. काठ सुमारे १५० इंच लागतो, यात जोड आणि थोडी ढील आली. काठाची आतली, कापलेली कड अर्धा इंच आत दुमडून घ्या. बाहेरची मूळ किनार कापडाच्या कडेशी बरोबर ठेवून एका बाजूच्या मध्यापासून टाचण्या लावत निघा. काठ ओढून लावायचा नाही, सैल ठेवायचा. ओढला की शिवल्यावर कड गोळा होते.

कोपऱ्यावर आलात की काठ कडेच्या टोकापर्यंत सरळ न्या, तिथे बोट दाबून धरा, आणि काठ स्वतःवरच मागे परतवा. मग परतवलेला भाग पुढच्या बाजूकडे वळवला की खाली तिरकी घडी आपोआप पडते, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. नखाने दाबा, वरून फडकं ठेवून इस्त्री मारा. नक्षी तिरक्या रेषेवर जुळली नाही तर काठ थोडा मागे-पुढे सरकवून बघा. चारही कोपरे जुळणं बहुधा शक्य नसतं, पुढून दिसणारे दोन जुळले तरी चालतं. खालचा फुगीर भाग अर्धा इंच ठेवून कापा आणि तिरकी रेष बारीक हातशिलाईने बंद करा. शेवटी मशीन: आधी बाहेरची कड, मग आतली, दोन्ही टिपा एकाच दिशेने. उलटसुलट दिशेने घातल्या की काठ मुरडतो.

परकर

लहान मुलीचा परकर हा जुन्या रेशमी साडीचा सर्वांत शहाणा उपयोग. काठ घेराला येतो, त्यामुळे खाली दुमडावं लागत नाही. आणि सणासुदीला घालायचा असल्याने ताणही कमी पडतो. पाच वर्षांच्या मुलीसाठी काठाच्या खालच्या टोकापासून साडेपंचवीस इंच उंची आणि शंभर इंच घेर कापा. उंचीत वरची अर्धा इंच माया आणि कमरेजवळ आतून घातलेली एक इंचाची घडी धरली आहे, परकर २४ इंचांचा होतो. पुढच्या वर्षी घडी उसवली की वाढतो. पन्ह्यात उरलेल्या साडेएकोणीस इंचांत दुसरा काठ आहेच, त्याचं पोलकं निघतं.

कंबरपट्टी मात्र साडीची नको, नव्या मजबूत सुतीची हवी, कारण सगळा भार तिथे येतो. चुण्या घालताना बारीक गोळा न करता अर्धा-पाऊण इंचाच्या सपाट मिऱ्या, म्हणजे घड्या, घाला. बारीक चुण्यांत रेशीम टाक्यापाशी चिरतं. अस्तर मलमलीचं, परकरापेक्षा एक इंच आखूड, त्याच पट्टीत लावलेलं.

उशीचे अभ्रे

१६ इंचांच्या गादीउशीला पुढे साडेसतरा इंचांचा चौकोन, मागे साडेसतरा बाय १२ चे दोन तुकडे. माया पाऊण इंच. मागच्या प्रत्येक तुकड्याची एक कड एक इंच दुमडून शिवा. मधे साडेचार इंच एकमेकांवर येतात, चेन लागत नाही. नव्या कापडाला अभ्रा एक इंच लहान शिवतात, म्हणजे उशी टंच दिसते. जुन्याला तसं करू नका, शिवणीवर ताण येऊन कोपरे फाटतात. मागचे तुकडे नव्या कापडाचे असावेत.

काय कापू नये

धड असलेली जुनी पैठणी, हातमागाची, कसुतीचं भरतकाम केलेली इरकली, किंवा खरी चांदीची जर असलेली साडी कापायची घाई नको. एक-दोन जागी फाटली असेल तर चांगल्या रफूगाराकडे न्या. पदरच तेवढा शाबूत असेल तर चौकटीत लावता येतो, पण गोंदाने चिकटवून नाही. गोंद पिवळा पडतो आणि कापड कडक करतो. पुठ्ठ्यावर धुतलेलं सुती ताणून बसवा, त्यावर पदर कडेकडेने रेशमी दोऱ्याने टाचा, काच कापडाला टेकणार नाही इतकी पट्टी मधे ठेवा, आणि ऊन न येणारी भिंत निवडा.

न वापरलेलं कापड मलमलीत गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथे दमट राहतं. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका, जरीला तर मुळीच नाही. खळ घातलेलं कापड साठवू नका, कसर खळीसाठीच येते. लोखंडी हँगर गंजाचे डाग देतो. दर तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला, आणि रेशीम घडीपेक्षा जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळता आलं तर उत्तम. नळीला आधी सुती फडकं गुंडाळा.